जुनापाणीच्या दगडांखाली खजिना नाहीये, खोदायला जाऊ नका

काल मामांनी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला. नागपूरजवळ काटोल रोडला जुनापाणीची जी दगडांची गोल रिंगणं आहेत, ती म्हणे परग्रहावरच्यांनी रचली, खाली राजाचा खजिना आहे, आणि इंग्रजांनी सगळं नेलंच आहे तर आता आपण खणलं तर काय बिघडलं. अरे, एकाच मेसेजमध्ये खजिना आहे पण आणि नेला पण? तरी खाली मावसभावाने लगेच विचारलं, मेटल डिटेक्टर भाड्याने कुठे मिळतो. तिथे माझं डोकं फिरलं.

परग्रहाचं एका वाक्यात उरकते. ही लोहयुगातल्या माणसांची थडगी आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची.

आता खजिना. १९६२ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने इथली काही वर्तुळं रीतसर खोदली, आणि विदर्भातल्या अशा थडग्यांमधून काय निघतं तर लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, काळी-तांबडी मडकी, घोड्याची हाडं. नागपूरजवळच्याच माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने मिळालेत, म्हणजे माणसाबरोबर घोडाही साजासकट पुरलेला! पण हे कळलं कशामुळे, तर कुठलं हाड कुठल्या थरात, कुऱ्हाड कुणाशेजारी, हे जागेवर बघून लिहून ठेवलं म्हणून. रात्री जाऊन कुदळ मारलीत की हातात एक गंजका तुकडा येतो आणि ते थर कायमचे गेले, ते कुणालाच परत लावता येत नाहीत.

इंग्रजांचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथे खोदलं आणि त्यातल्या वस्तू ब्रिटिश म्युझियमला गेल्या. पण त्याने मोजकीच वर्तुळं खोदली, इथे आहेत तीनशेच्या आसपास.

आणि "नुसते दगड तर आहेत" म्हणणाऱ्यांनी एकदा वाकून बघा. काही दगडांवर अंगठा टेकेल एवढे खळगे ओळीने कोरलेत. असा दगड कुंपणाला नेला की ती ओळ कुठल्या दिशेला होती हेही गेलं.

जुनापाणी केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती बघा, नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मामा, तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर हे पाठवलंत तिथे हेही पाठवा, आजच.