दहा मिनिटांचं काम म्हणे!

"लावायचं आणि वाजवायचं. दहा मिनिटांचं काम आहे, सर." टर्नटेबलचं (रेकॉर्ड प्लेअरचं) कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी डबी, बसवण्याबद्दल काउंटरपलीकडून हे वाक्य फेकणाऱ्या माणसाला मला एकदा माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसवायचंय. हातात चिमटा द्यायचा, समोर केसाएवढ्या चार वायरी ठेवायच्या आणि म्हणायचं, चल, लाव. मी घड्याळ लावून बसतो.

शनिवारी दुपारी दोनला सुरुवात केली. रविवारी रात्री अकराला उठलो. मधे घरात एक भांडण झालं, एक चष्मा तुटला आणि अडीच मिलिमीटरचा एक नट हरवला. तो दोन तास फरशीवर, चटईखाली, मांजराच्या अंगावर शोधला. सापडला कुठे? कार्ट्रिजच्याच पोटाला चिकटून बसला होता. आत चुंबक आहे ना! जिथे जायला नको तिथेच बरोबर उडी मारली त्याने.

मुळात हे सगळं का करावं लागलं ते ऐका. वर्षभरापूर्वी टर्नटेबल घेतला तेव्हा दुकानदाराने 1500 रुपये घेऊन "सेटअप" करून दिला होता. काउंटरवेटवरचा, म्हणजे सुईच्या दांड्यामागच्या वजनावरचा, आकडा 2 वर आणून ठेवला आणि म्हणाला, बघा, सुईचा दाब दोन ग्रॅम. मी येडा, मान डोलावली. परवा सहाशे रुपयांचा छोटा डिजिटल काटा आणला. ("सोनं घेतलंस की काय?" आईचा प्रश्न.) सुई त्यावर टेकवली तर 3.4! त्या आकड्याची रिंग वजनापासून वेगळी, सुटी फिरते. आधी टोनआर्म, म्हणजे तो सुईचा दांडा, तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगता करायचा, मग नुसती रिंग शून्यावर आणायची आणि मग सगळं वजन फिरवून दोनवर न्यायचं. या पठ्ठ्याने थेट रिंगच दोनवर फिरवली होती. म्हणजे मोजलं काहीच नाही, नुसता आकडा दाखवला. आणि मी वर्षभर बाबांच्या एलपी रेकॉर्ड त्या दाबाखाली भरडत होतो.

काट्याची तऱ्हा आणखी वेगळी. याच्याआधी एक आणला होता, त्याची ताटली लोखंडी. कार्ट्रिजचं चुंबक तिला ओढतं आणि आकडा दर वेळी नवीन. 1.7, 2.3, 1.9. माझं वजन केलं असतं तरी इतकं हललं नसतं. परत बाजारात.

मग कोन. इथे माझं टाळकं खरं सरकलं. रेकॉर्ड कापताना कटर बाहेरून आत सरळ रेषेत जातो. आपला टोनआर्म एका टोकाला खिळलेला, तो कमानीसारखा फिरतो. त्यामुळे अख्ख्या बाजूत फक्त दोन जागी सुई खाचेला बरोबर समांतर येते, बाकी सगळीकडे थोडी वाकडीच. ते दोन बिंदू कुठे ठेवायचे यावर माणसं 1938 पासून गणितं मांडताहेत. आधी लोफग्रेन, मग 1941 मध्ये बेअरवाल्ड, 1966 मध्ये स्टीव्हन्सन. बेअरवाल्ड म्हणतो रेकॉर्डच्या मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटर, स्टीव्हन्सन म्हणतो 60.3 आणि 117.4. यासाठी कागदावर छापलेला प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोनमापक, लागतो. गेलो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. "शंभर टक्केच काढ हं, लहान करू नकोस." "हो काका." घरी येऊन पट्टी लावली तर 97 टक्के! प्रिंटरने कागदात बसवायला स्वतःच आक्रसलं होतं. 120.9 चे झाले 117.3. म्हणजे बेअरवाल्ड लावायला गेलो आणि अर्धा स्टीव्हन्सन घेऊन आलो. तीन प्रिंटा, तीन फेऱ्या. शेवटी स्वतः त्याच्या माऊसला हात घातला.

बरं, हे अर्ध्या मिलिमीटरचं वेड कशाला, असं विचाराल तर एकदा ख्यालाची एलपी शेवटपर्यंत ऐका. विलंबित बाहेरच्या खाचांत असतो. तिथे सुईखालून सेकंदाला 50 सेंटिमीटर खाच सरकते, ऐसपैस जागा. आतल्या टोकाला तेच 21 सेंटिमीटर होतं. आणि तिथे काय असतं? द्रुत! सगळ्यात वेगवान ताना, सगळ्यात दाट लय, सगळ्यात अवघड जागेवर. कोन चुकला की बंदिशीतला प्रत्येक "स" कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडतो. आपल्या संगीतासाठी मला तरी स्टीव्हन्सनच पटतो, कारण तो आतली बाजू सांभाळतो. पण हे बोललो की जाणकार मंडळी अंगावर येतात.

जाणकारांबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतोच. दोन ग्रॅम दाब कसा मोजायचा हे विचारलं तर उत्तर येतं, "एमएम सोड, एमसी घे, मग कळेल संगीत काय असतं." (कार्ट्रिजचे दोन प्रकार: एमएममध्ये चुंबक हलतं, एमसीमध्ये तारेचं वेटोळं.) अरे बाबा, माझ्या एमएममधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट येतात, तुझ्या त्या एमसीमधून अर्धा मिलिव्होल्ट. मग त्याला वेगळा फोनो स्टेज, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, मग त्याची केबल, मग त्या केबलचा गजर करणारे आणखी चार जण. दुसरा म्हणतो, आजोबांच्या 78 च्या तबकड्याही त्याच सुईने वाजतील. नाही वाजत! त्यांची खाच मोठी, तिला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची पाऊण मिलची सुई त्या खाचेच्या तळाशी लोळत बसते आणि नुसती खरखर गोळा करते.

रविवारी रात्री नऊला एकदाचं जुळलं. एलपी लावली, तर तबल्याचा डग्गा गायब. चाट ऐकू येते, डग्गा नाही. तानपुरा भिंतीतून आल्यासारखा. कार्ट्रिजच्या त्या चार वायरी पुन्हा तपासल्या: लाल उजवा, हिरवा उजव्याचा परतीचा, पांढरा डावा, निळा डाव्याचा परतीचा. पांढरा-निळा मी उलटे लावले होते. दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होते, खर्ज एकमेकांत जिरत होता. परत चिमटा. परत तो नट.

अकराला सगळं बरोबर झालं. काटा 2.00, कोन बरोबर, डग्गा जागेवर. बाबांची एलपी लावली. विलंबित सुरेख. द्रुत आला आणि तडतड तशीच. वर्षभरापूर्वी पहिल्याच दिवशी लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली तीच बाजू काढून ऐकली. तीत इतकी तडतड नाही. बाबांच्या जुन्या पेटीतल्या प्लेअरनेही तिला थोडं खाल्लं असेल, मान्य. पण मधल्या वर्षात ती माझ्याच टर्नटेबलवर फिरत होती, 3.4 ग्रॅमखाली.

दुकानाची पावती अजून ड्रॉवरमध्ये आहे. टर्नटेबलच्या खाली वेगळी ओळ: "सेटअप चार्जेस, 1500 रु." खाली सही आणि "थँक यू, व्हिजिट अगेन".