वेड लागण्याआधी घ्यायची काळजी

मन बिघडवून घ्यायचं ठरलंच असेल, तर आधी पत्ता सांगलीच्या विश्रामबागेसारख्या बऱ्या वस्तीतला करून घ्या. झोप लागत नाही, रडू येतं, एवढं म्हणालात तरी डॉक्टर अर्धा तास ऐकतात, नवी गोळी लिहितात, वर 'वजन वाढलं तर फोन करा' म्हणतात.

पण बीडहून ऊस तोडायला सांगलीकडं आला असाल आणि मुक्काम पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत असेल, तर लक्षणं जरा बेतानं दाखवा. मागं एका दवाखान्यात शेजारी अशीच एक बाई बसली होती. कपाळाला अंगारा, हातावर पाचटानं ओढलेल्या रेघा. आत बोलावलं तिला, प्रश्न विचारले मुकादमाला.

"लई तरास हाय साहेब. कोयता टाकून बसती. उचल कशी फिटायची?"

पाच मिनिटांत इंजेक्शन. महिन्याला एक. "ही माणसं गोळ्या घेत नाहीत हो," कंपाउंडरनं मला समजावलं. बाईला कुणी काही समजावलं नाही. पुढच्या महिन्यात टोळी कुठल्या फडात असेल, तेही कुणी विचारलं नाही.

हे आपल्याकडंच चालतं असं समजून खजील होऊ नका. अमेरिकेत 1851 साली कार्टराइट नावाच्या डॉक्टरानं गुलामाच्या पळून जाण्यालाच आजार ठरवलं, 'ड्रॅपेटोमेनिया' असं बारसंही केलं. उपाय: चाबूक. आता चाबूक गेला. तरी तिथं काळ्या रुग्णाच्या माथी स्किझोफ्रेनियाचा शिक्का जास्त बसतो आणि लांब मुदतीचं इंजेक्शनही जास्त टोचलं जातं, हे तिथल्याच संशोधकांनी वर्षानुवर्षं मोजून ठेवलंय. क्लोझापीनची गंमत तर ऐकाच. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचा हा मोठा आधार. पण त्यानं पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्त तपासत राहायचं. आफ्रिकी वंशाच्या पुष्कळांच्या पेशी मुळातच कमी, आणि त्यानं त्यांचं काही बिघडत नाही. मोजपट्टी मात्र सगळ्यांना एकच, त्यामुळं कित्येकांना औषधच मिळेना. तिथल्या सरकारी नियमांत त्यांच्यासाठी वेगळी पट्टी यायला 2015 उजाडलं.

आपण तर 2017 सालीच मानसिक आरोग्याचा कायदा केला. कलम 18: जात, वर्ग, लिंग असला कुठलाही भेद न करता मानसिक उपचार. पाठ करून ठेवा, फक्त केसपेपरच्या खिडकीशी म्हणून दाखवू नका. मागं रांग असते.

त्या बाईचा केसपेपर मी वाकून वाचला (वाईट खोड आहे). वय: अंदाजे 30. पत्ता: ऊसतोड. तक्रार: काम करत नाही.