खुंटीवरची बंदूक

दसरा जवळ आला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी एक वाद हमखास उगवतो. यंदा तो फोनवरून मिशिगनपर्यंत आला. चुलतभाऊ पणजीला नोकरीला असतो, शनिवार-रविवारी घरी जातो. त्याचं म्हणणं, ओसरीतली बंदूक खुंटीवरून काढा आणि कपाटात कुलूप लावून ठेवा. काका म्हणतात, माझ्या बापानं ठोकलेली खुंटी आहे, मी असेपर्यंत तिथं बंदूकच राहणार. शेवटी दोघांनी मला मध्ये घातलं. "तू सांग, तिकडे काय करतात?"

परदेशातल्या माणसाला हा प्रश्न विचारणाऱ्याला माहिती नको असते, आपल्या बाजूचा साक्षीदार हवा असतो. माझी पंचाईत अशी की तिकडची साक्ष दोघांच्याही उपयोगाची आहे.

बंदूक ठासणीची, म्हणजे दारू-छरे नळीच्या तोंडातून ठासायची, एकनळी, शेतीरक्षणाच्या परवान्यावरची. काजूला माकडं आली, कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, रानडुकरं शिरली की हवेत एक बार काढायचा. मारायचं काही नाही, तो कायद्यानं गुन्हा. पण आमच्याकडे बंदूक म्हणजे निव्वळ शेतीचं अवजार असंही नाही. १८५२ साली बंड करून सत्तरीच्या दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांना जेरीस आणलं, ही गोष्ट सत्तरीतल्या पोराला शाळेत जायच्या आधीच ठाऊक असते. ज्या घरात बंदूक, त्या घराची ओसरी जरा रुंद असते, असं माझी आजी म्हणायची. आमची ओसरी मोजून आठ हात आहे, ते सोडा.

इथं माझ्या शेजारी मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, तेव्हा नारिंगी जाकीट घालून पहाटे चारला निघणारे. मी राहायला आलो तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या दारांचं अक्रोडी कपाट होतं आणि आत सात बंदुका रांगेत उभ्या. (आपल्याकडे २०१९ पासून एका माणसाला दोनच ठेवता येतात, आधी तीन होत्या, हे ऐकून त्यांना माझी दया आली होती.) कपाटाला कुलूप होतं, पण चावी कपाटाच्याच माथ्यावर. मी तिकडे बघतोय हे पाहून हसले. म्हणाले, "कुलूप प्रामाणिक माणसांसाठी असतं."

तेच कपाट आता लोणच्या-मुरंब्याच्या बरण्यांनी भरलंय. बंदुका तळघरात, काँक्रीटला बोल्ट मारून बसवलेल्या पोलादी तिजोरीत.

मधे काय झालं ते सांगतो. ३० नोव्हेंबर २०२१ ला आमच्याच ओकलंड काउंटीत, ऑक्सफर्डच्या शाळेत, पंधरा वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल बापानं चारच दिवस आधी आणलं होतं. आई-बाप दोघांवर मनुष्यवधाचा खटला चालला आणि एप्रिल २०२४ मध्ये दोघांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्याचा नवा कायदा लागू झाला होता. अल्पवयीन मूल घरात येण्याजाण्याची शक्यता असेल तर बंदूक कुलूपबंद पेटीत, नाहीतर रिकामी करून वर कुलूप लावून. शेजारच्यांना नातवंडं आहेत. त्यांनी कायद्याला शिव्या दिल्या आणि तिजोरी आणली.

म्हणजे अमेरिका चुलतभावाच्या बाजूची? तसंही नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवावी असा नियम होता. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, मग चोर आत शिरल्यावर माणसानं कुलपं उघडत बसायचं का, असा मुद्दा. काकांना हे सांगितलं तर फ्रेम करून ओसरीत लावतील, खुंटीशेजारीच.

पण काकांच्या बंदुकीला चोराशी काही देणंघेणं नाही. ती माणसासाठी कधी नव्हतीच. त्यांची खरी तक्रार निराळी आहे आणि तिच्यात दम आहे. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ मध्ये आचारसंहिता लागली १६ मार्चला, गोव्यात मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. काजूचा सगळा हंगाम त्यात गेला. "सरकार एकदा कुलपात घालतं, आता तुम्ही घरात घाला. माकडांना तेवढं कळवा," काका म्हणतात.

त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त पटायचा. खुंटीवरची बंदूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. जागेवरून हलली तर चार माणसं विचारतात. आम्ही पोरं तिच्याखाली पत्ते खेळलो, हात लावायची कुणाची छाती झाली नाही. केप, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक टोप्या, वेगळ्या, स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे. केप नसली की बंदूक मुकी.

तेव्हा त्या घरात तेरा माणसं होती. आजी दिवसभर ओसरीतच बसलेली असायची, सुपारी कातरत. कुलूप तीच होती. आज घरात काका आणि काकी. दुपारी काकी झोपते आणि काका कुळागरात असतात.

इथं मुलाच्या मित्राची आई त्याला आमच्याकडे खेळायला पाठवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारते. शेंगदाण्याची अॅलर्जी आहे ते सांगते, कुत्रा आहे का विचारते, आणि त्याच सुरात, "घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात असते का?" पहिल्यांदा मला अपमान वाटला. आपल्यात पाहुण्यानं यजमानाला असं विचारायची सोय नाही. आता मीही विचारतो, आणि कुणी रागावत नाही. पण दर मे महिन्यात मुलाला गावी नेतो, तेव्हा स्वतःच्या काकांना मी हे कधीच विचारलं नव्हतं.

गेल्या मेमध्ये दुपारी मी न्हाणीघरातून बाहेर आलो तर मुलगा बाकड्यावर उभा. दहा वर्षांचा आहे. बंदूक खुंटीवरून काढून त्यानं मांडीला टेकवली होती आणि अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा प्रयत्न चालला होता. काका नेमके त्याच वेळी पायऱ्या चढत होते. ओरडले नाहीत. आले, बंदूक हातात घेतली, नळी छपराकडे केली आणि ठासायचा गज आत सोडला.

ठासणीची बंदूक रिकामी आहे की भरलेली, हे असंच बघतात. रिकामी असली तर गज तळापर्यंत जातो आणि तोंडाशी बोटभर उरतो. त्या दिवशी तो चार बोटं वर राहिला.

दारू, बोळा, छरे, सगळं आत होतं. हंगामात कधीतरी माकडांसाठी भरली, बार काढलाच नाही आणि तशीच टांगली. काकांनी गज बाहेर काढला, पुन्हा सोडला. पुन्हा चार बोटं. केप नव्हती, म्हणून काही झालं नसतं, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. तरी ते बाकड्यावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. संध्याकाळी पाटाच्या पलीकडे जाऊन त्यांनी बार काढला, तेव्हा सगळ्या वाड्यावरची कुत्री भुंकली.

म्हणून मी चुलतभावाच्या बाजूनं बोललो, फक्त त्याच्या कपाटाला माझा नकार आहे. काकीच्या ज्या कपाटात बंदूक ठेवायची त्याची चावी साड्यांच्या दुसऱ्या घडीखाली असते, हे मला डेट्रॉइटच्या उपनगरात बसून माहीत आहे, म्हणजे गावात कुणाला माहीत नसेल? शेजारच्यांच्या काचेच्या कपाटात आणि त्यात मला काही फरक दिसत नाही. २०१६ च्या नियमांपासून आपल्याकडेही परवान्याच्या अर्जासोबत बंदूक सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लागतं. ते अमेरिकेनं शिकवलेलं नाही. भिंतीत पक्की बसवलेली पेटी, बंदूक रिकामी करून आत, दारू आणि केप दुसरीकडे, आणि चावी ज्याच्या नावावर परवाना त्याच्यापाशी. बायकोलाही सांगायचं नाही. दसऱ्याला बाहेर काढा, झेंडूचा हार घाला, आपट्याची पानं वाहा, संध्याकाळी परत आत.

काका म्हणाले, "बघतो." आमच्या घरी "बघतो" म्हणजे नाही.

परवा चुलतभावानं ओसरीचा फोटो पाठवला. खुंटीवर छत्री होती. मी लगेच फोन करून बंदूक कुठं ठेवली ते विचारलं, तर तो म्हणाला त्यालाही माहीत नाही. मागून काकांचा आवाज आला, "त्याला कशाला हव्यात चौकशा?"