मावशी, बटण होतं तिथंच

गेल्या मंगळवारी दुपारी पन्हाळ्याकडच्या एका गावातनं एक मावशी दुकानात आल्या. कोल्हापूरच्या सीबीएसला, म्हणजे मुख्य एसटी स्टँडला, एसटीतनं उतरून उन्हातनं चालत. फोन रुमालात गुंडाळलेला. बँकेच्या ॲपमध्ये पत्ता बदलायचा होता आणि तीन संध्याकाळ खटपट करून दमल्या होत्या. चाकणला कामाला असलेला पोरगा रोज फोनवरून सांगायचा, "आई, खाली हिरवं बटण हाय बघ, ते दाब." ह्यांना हिरवं बटण काही दिसायचं नाही. तिसऱ्या दिवशी तो वैतागला. "अगं समोर असतंय की, नीट बघ जरा."

मी फोन हातात घेतला. खरंच बटण नव्हतं. पत्त्याचे रकाने, त्याखाली अर्धी कापलेली एक ओळ, संपलं. पान वर सरकवून बघितलं, सरकेना. मग लक्षात आलं की अक्षरं मोठी आहेत. नातीनं सेटिंगमध्ये जाऊन आजीसाठी अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलं होतं, चष्मा नसला तरी वाचता यावं म्हणून. मोठ्या अक्षरांनी सगळा मजकूर खाली ढकलला आणि बटण स्क्रीनच्या बाहेर गेलं. पान सरकतं ठेवायचं ते ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी अक्षर दोन घरं लहान केलं. हिरवं बटण वर आलं. "पुढे जा."

मला वाटलं मावशी खूश होतील. त्या गप्प बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हंजे ते हुतं व्हय तिथंच? मला वाटलं माझीच अक्कल कमी."

त्यांचं ते वाक्य चार दिवस डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, सवडीनं वाचा.

शाहूपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. दिवसाला तीस-चाळीस लोकांचे फोन माझ्या हातातनं जातात. ह्या काउंटरवर "मला काय ह्यातलं कळत न्हाई" असं म्हणणारी माणसं कोण आहेत? गुजरीतले एक कारागीर, दागिना तळहातावर ठेवला की ज्यांना वजन कळतं. गावच्या दूध संस्थेचे सचिव, कुणाच्या म्हशीच्या दुधाला किती फॅट लागतं हे ज्यांना तोंडपाठ आहे. माझे भूमितीचे सर, ज्यांनी शेकडो पोरांना प्रमेयं शिकवली. सर फोन माझ्यापुढं धरून "अरे, आता म्हातारा झालो मी" म्हणतात तेव्हा पोटात कालवतं. सर काल आणि आज तेवढेच हुशार आहेत. मधल्या रात्रीत अपडेट आलं आणि सगळी बटणं इकडची तिकडं झाली, एवढंच झालंय.

माझं म्हणणं सरळ आहे. समोरचा माणूस शहाणा असून त्याला एखादी स्क्रीन जमत नसेल, तर चूक त्या स्क्रीनची. आपण मात्र घराघरात उलटं शिकवून ठेवलंय. आईला येत नाही, बाबांना जमत नाही, आजोबांच्या हातात देऊ नका काहीतरी दाबतील. लोकांनी आता स्वतःच ते मान्य करून टाकलंय, ह्याचा मला जास्त त्रास होतो.

अक्षरांचंच बघा. मराठीत वाचायच्या चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो. चाळिशीत जवळचं दिसेनासं होतं हे आपल्या भाषेला ठाऊक आहे, पण ॲप बनवणाऱ्याला नसतं. फोनमध्ये सोय नाही असंही नाही. २०२३ ला आलेल्या अँड्रॉइड १४ मध्ये गुगलनं अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं करता येईल असं केलं. पण फोननं अक्षर मोठं केलं तरी प्रत्येक ॲपनं त्यासाठी जागा ठेवायला पाहिजे. पंचवीस वर्षांचा पोरगा ॲप बनवतो, स्वतःच्या फोनवर, बारीक अक्षरात तपासतो, सगळं चकाचक दिसतं. एकदा, फक्त एकदा अक्षर मोठं करून शेवटच्या पानापर्यंत गेला असता तर मावशींचं एसटीचं तिकीट वाचलं असतं. आणि पोराची बोलणी ऐकायला लागली नसती.

आता माझ्याच घरातलं सांगतो. दिवाळीला आईला नवीन फोन घेतला. जुन्यात खाली तीन बटणं होती, त्यातलं मागं जायचं बटण तिच्या बोटाला पाठ होतं. नव्यात तळाला नुसती एक बारीक रेघ. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून स्क्रीनच्या कडेवरून बोट आत ओढलं की मागं जायची पद्धत आली आणि बऱ्याच नव्या फोनमध्ये आता तीच आधीपासून चालू असते. कडेवरून बोट ओढायचं हे स्क्रीनवर कुठंही लिहिलेलं नसतं. बाण नाही, खूण नाही. ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. आईनं महिनाभर काय केलं असेल? एखाद्या ॲपमध्ये अडकली की बाजूचं बटण दाबून फोनच बंद करायची. थोड्या वेळानं उघडायची, तर तेच पान परत समोर. मग पुन्हा बंद. मला तिनं सांगितलंच नाही. "तू दमून येतोस, तुला कशाला त्रास," म्हणाली.

सेटिंगमध्ये सिस्टीम, जेश्चर, मग नेव्हिगेशन असं काहीतरी असतं, कंपनीप्रमाणं नाव थोडं बदलतं. तिथं तीन बटणांचा पर्याय अजूनही आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या अर्ध्या मिनिटावाचून आईचा महिना गेला. हे मला आधी सुचलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

दुकानात रोज येणारा दुसरा प्रश्न म्हणजे "पीडीएफ डाऊनलोड झाली, पण गेली कुठं?" ह्याच्यावर वेगळी पोस्ट होईल. मेसेजमधनं आलेली एकीकडं, ब्राउझरनं उतरवलेली दुसरीकडं, ॲपनं दिलेली तिसरीकडं. कागद आपण पत्र्याच्या पेटीत ठेवतो आणि पेटी कुठं आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं. फोनमधली पेटी मलाही कधीकधी दहा मिनिटं सापडत नाही आणि माझं तर पोटच त्यावर आहे.

भाषेचं दुखणं वेगळं. बँकेचे मेसेज इंग्रजीत का येतात, असं लोक मला विचारतात. त्यातलं एक कारण साधं आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात, देवनागरी ७०. तोच मजकूर मराठीत लिहिला की दोन-तीन मेसेजचे पैसे पडतात. कारण कळलं, पण ते पटवून घ्यायची माझी तयारी नाही. खात्यातनं पैसे गेल्याची बातमी माणसाला त्याच्या भाषेत कळणं ही चैन आहे काय? आणि मराठी केलं तरी कसं केलं जातं बघा. एका आक्कांच्या फोनवर जागा भरल्याची सूचना आली आणि खाली बटण, "कॅशे साफ करा". त्यांनी घाबरून फोन बंद केला आणि थेट माझ्याकडं आल्या. "दाबलं असतं तर खात्यातलं पैसं गेलं असतं न्हवं?" कॅशे आणि कॅश, कानाला एकच. आक्कांनी अतिशय शहाणपणानं वागून बटण दाबलं नाही. "तात्पुरत्या फायली पुसा, तुमचं काही जाणार नाही" असं लिहायला कुणाचं काय गेलं असतं?

अंगठ्याचं तर विचारूच नका. चपला शिवणारे एक तात्या येतात. चामडं, आरी, दोरा ह्यात आयुष्य गेलं, बोटांच्या रेघाच राहिल्या नाहीत. आधारच्या मशीनवर अंगठा उठेना. तेल लावून झालं, पुसून झालं, दहाही बोटं झाली. मग म्हणे ओटीपी घ्या, तर ओटीपी जातो दहा वर्षांपूर्वीच्या बंद पडलेल्या नंबरला. फोनच्या काचेचंही तसंच. ती बोटातनं वाहणाऱ्या बारीकशा विजेवर चालते, म्हणून कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाला ती दाद देत नाही आणि पावसाचा थेंब पडला की त्यालाच बोट समजते. कोल्हापूरच्या जुलैत रस्त्यावर उभं राहून ओला फोन उघडून बघा.

ह्यावर उपाय निघतच नाहीत असं नाही. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो चेहरा दाखवून देता येतो, तेव्हापासून माझ्या दुकानातले कितीतरी अंगठे सुटले. पण त्यातही कुठल्याशा ॲपवाल्यानं "डोळे मिचकावा" घालून ठेवलेलं असतं. नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मी कितीदा मिचकावायला सांगायचं? ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बायकांचं तर काय होत असेल. हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, मिचकावण्याशिवाय दुसरा मार्ग ठेवा. निकाल वाचून त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. माझ्या काउंटरवरचं रडगाणं देशाच्या कोर्टात कुणीतरी ऐकलं होतं.

वेळेचंही तेच. फॉर्म भरता भरता "सत्र संपले" आणि सगळं पुसलं. सुरक्षेसाठी वेळ ठेवावी लागते, मान्य. पण वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात सांगितलंय की बहुतेक ठिकाणी वेळ संपायच्या आधी सूचना द्या आणि ती वाढवून घ्यायला निदान २० सेकंद तरी द्या. हे २००८ पासून लिहून ठेवलेलं आहे. खिशातनं आधार काढून, चष्मा पुसून, नंबर वाचायला माणसाला वेळ लागतो हो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यूपीआयचं. पैसे मिळणार म्हणून पिन टाकला आणि उलटे गेले, अशी माणसं माझ्यासमोर रडलेली आहेत. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पण समोरचा पैशाची मागणी पाठवायचा आणि फोनवर "मंजूर करा" म्हणायचा. वर्षानुवर्षं सगळे एकच सांगत राहिले, सावध राहा, सावध राहा. आणि मग १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्या माणसाकडं अशी मागणी पाठवायची सोयच बंद झाली. तो एक दरवाजा मिटला. नऊ वर्षं लोकांना हावरट, भोळे, अडाणी म्हणून झालं होतं. दुरुस्ती शेवटी केली ती यंत्रातच.

चांगलं काय असतं तेही आपल्याच गावात आहे. कपिलतीर्थ मार्केटात भाजीवालीच्या पाटीशेजारी तो छोटा डबा बघा. गिऱ्हाईकानं पैसे पाठवले की तो मराठीत रक्कम बोलतो. तिचे हात मेथी निवडण्यात, नजर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं, आणि कानाला कळतं की चाळीस रुपये आले. तिला कुणी शिकवलं नाही, शिकवायची गरजच पडली नाही. किंवा आपल्या पंचगंगेचा आकडा घ्या. पुराच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एक ओळ फिरते, राजाराम बंधारा अमुक फूट, अमुक इंच. ३९ इशारा, ४३ धोका, हे दोन आकडे इथं लहान पोरांनाही पाठ. त्या एका ओळीवर आजी ठरवते, धान्य माळ्यावर चढवायचं की अजून एक रात्र थांबायचं. रंगीत नकाशा नाही, सात पानांचं ॲप नाही. जे हवं ते, हवं तेव्हा, कळेल असं.

परवापासून मी एक काम सुरू केलंय. अक्षर मोठं केल्यावर जिथं बटण गायब होतं किंवा मजकूर कापला जातो, अशा स्क्रीनचे फोटो काढून त्या त्या ॲपच्या मदत विभागाला पाठवतोय. आत्तापर्यंत अकरा पाठवले. दोघांचं उत्तर आलं. तुम्हाला अशी स्क्रीन दिसली तर मला पाठवा, फक्त खाते नंबर, ओटीपी, आधार झाकून. आणि घरी आईकडं, सासूबाईंकडं नवा फोन असेल तर आज जेवण झाल्यावर शेजारी बसून विचारा, "मागं कसं जातेस?" बाजूचं बटण दाबून फोन बंद करत असतील तर तीन बटणं परत आणून द्या. नाही सापडलं तर दुकानात या, दहा ते आठ उघडं असतं, ह्याचे पैसे घेत नाही.

मावशींचा पत्ता बदलला. अक्षर परत मोठं करून दिलं. जाताना पोराला फोन लावला त्यांनी, माझ्यासमोरच. "आरं, बटण न्हवतंच दिसत. दुकानदारानं बी बघितलंय."