पहिलं शीत आणि सगळा भात

२०२५च्या डिसेंबरात दादाचा फोन आला तेव्हा तो वैतागलेला होता. आमच्या गावच्या नगरपालिकेचं मतदान २ तारखेला झालं होतं आणि मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. पण काही ठिकाणचं मतदान २० तारखेवर गेलं. मग सगळेच निकाल २१ डिसेंबरला लावा, असा आदेश हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं दिला. यंत्रं सीलबंद, आणि उमेदवारांची पोरं स्ट्राँगरूमबाहेर पहाऱ्याला. दादाला वाट बघण्याचा कंटाळा आला होता, पण आदेश पटला होता. "आधीचा निकाल कळला की नंतरचे लोक वारा बघून मत देतात गं. हरलेल्याच्या मागे कोण जातंय?"

मी त्याच्याशी तासभर वाद घातला. मी न्यू हॅम्पशायरमध्ये राहते आणि ११ फेब्रुवारी २०२०ची रात्र मी इथे काढली आहे.

अमेरिकेत अध्यक्षपदाची उमेदवारी पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत. एकेका राज्यात पक्षाचे मतदार ती ठरवतात; या पक्षांतर्गत मतदानाला बहुतेक ठिकाणी प्रायमरी म्हणतात. हे साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत चालतं, आणि आधीच्या राज्यांचे निकाल पुढच्यांना माहीत असतात. त्या वर्षी पहिला मान आयोवाचा होता, दुसरा आमचा. मी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बायडन यांच्या प्रचारात होते. जानेवारीभर आमच्या राज्यातल्या नॅशुआ शहरात दारोदार फिरले. आधी पायरीवरचा बर्फ बुटानं खरडायचा आणि मगच बेल वाजवायची, नाहीतर दार उघडायला आलेल्या आजी घसरायच्या. थंडीनं पेनातली शाई उतरायची नाही, म्हणून यादीवर खुणा पेन्सिलीनं करायच्या.

आयोवात ते चौथे आले होते. आमच्याकडे पाचवे आले, ८.४ टक्के मतं. मोजणी संपायच्या आधीच ते विमानानं साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाला निघून गेले होते. आमच्या प्रचार कार्यालयात बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलं होतं. कॉलेजातली एक मुलगी कोपऱ्यात रडत होती. मला आधी रागच आला. आम्ही इतके राबलो आणि हा माणूस निकालालाही थांबला नाही? मग कुणीतरी फोनवर त्यांचं कोलंबियातलं भाषण लावलं. पन्नासांपैकी फक्त दोन राज्यं बोलली आहेत, ते सांगत होते, आणि कृष्णवर्णीय मतदारांपैकी ९९.९ टक्क्यांना अजून मत द्यायची संधीच मिळालेली नाही.

त्या रात्री घरी येऊन मी आकडे मांडले. शेवटी उमेदवार ठरतो तो राज्याराज्यांतून आलेल्या पक्षाच्या प्रतिनिधींच्या बहुमतानं. मतांनी निवडून जाणारे प्रतिनिधी एकूण ३,९७९. आयोवाचे ४१, आमचे २४, म्हणजे दोन्ही मिळून दोन टक्केही नाहीत. शिवाय १५ टक्क्यांच्या वर मतं मिळवणाऱ्यांत ते प्रमाणात वाटले जातात. पहिल्या आलेल्या सँडर्स यांना आमच्या राज्यातून ९ मिळाले, दुसऱ्या बुटिजेज यांनाही ९. बायडन यांना शून्य. बहुमताला १,९९१ लागणार होते तिथे हा नऊचा फरक होता, आणि टीव्हीवर मात्र त्यांचा मृत्युलेख वाचला जात होता.

शितावरून भाताची परीक्षा करावी, पण भात एकाच पातेल्यातला असला तर. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये बहुसंख्य वस्ती गोऱ्यांची. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. पातेलंच दुसरं.

दोन-तीन दिवसांनी आमच्या हातात साउथ कॅरोलायनातल्या मतदारांची यादी आली, फोन करायला. ऑरेंजबर्गच्या एका वयस्क बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळ, तुमचं तुम्ही सांगितलंत. आमचं अजून सांगून व्हायचंय." ओव्हनमध्ये काहीतरी होतं, म्हणून त्यांनी फोन ठेवला. २६ फेब्रुवारीला तिथले खासदार क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला आणि २९ तारखेला बायडन यांना जवळपास निम्मी मतं पडली. ३ मार्चला १४ राज्यांत मतदान झालं. त्यातली १० त्यांनी जिंकली. त्यात नॅशुआला अगदी लागून असलेलं मॅसॅच्युसेट्सही होतं, जिथे त्यांनी फारसा प्रचारही केला नव्हता.

साउथ कॅरोलायनाच्या मतदारांना आमचा निकाल दशांशासकट माहीत होता. त्यांनी वारा पाहिला आणि आपल्या बुद्धीनं मत दिलं. मतदाराला मेंढरू समजून त्याच्यापासून निकाल लपवावा लागतो, हे मला पटत नाही.

"हे एक उदाहरण झालं," दादा म्हणाला. मग मी १९९२चे क्लिंटन सांगितले. आयोवा गेलं, न्यू हॅम्पशायर गेलं, पहिला विजय ३ मार्चला जॉर्जियात. पण दादाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. २००४ साली डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतले हॉवर्ड डीन आयोवात तिसरे आले. त्या रात्री व्यासपीठावर त्यांनी मारलेली आरोळी टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली, आणि महिन्याभरात ते मैदानाबाहेर होते. पहिल्या हारीनंतर देणग्या आटतात, पत्रकार पाठ फिरवतात. न्यू जर्सीतल्या माझ्या मराठी मैत्रिणींची पाळी जूनमध्ये येते, तोवर बहुतेक वेळा सगळं ठरून गेलेलं असतं. धीर धरला की जिंकता येतंच असं नाही. पण डीन पुढच्याच वर्षी पक्षाचे अध्यक्ष झाले आणि पन्नासही राज्यांत, जिथे पक्षाला कुणी विचारत नव्हतं तिथेसुद्धा, त्यांनी माणसं उभी केली. हरल्यावर काय करायचं, याचं ते माझ्या मते सर्वांत चांगलं उत्तर आहे.

आपल्याकडे जून २०२४ मध्ये लोकसभेच्या ४८ पैकी १७ जागा महायुतीला मिळाल्या, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर शब्द आला, पानिपत. नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी २३०च्या आसपास जागा त्याच महायुतीनं घेतल्या, तेव्हा दुसऱ्या बाजूसाठी तोच शब्द. मला तो बोचतो. पानिपत १७६१चं, आणि १७७१ मध्ये महादजी शिंदे दिल्लीत होते. ती दहा वर्षं आपण त्या शब्दातून पुसून टाकली आहेत.

आणि म्हणूनच एकत्र निवडणुकांचं विधेयक संसदेत आलं तेव्हापासून मला काळजी वाटते. खर्च वाचेल, आचारसंहितेत कामं अडणार नाहीत, हे खरं. पण लोकसभा आणि विधानसभा त्या वर्षी एकाच दिवशी झाल्या असत्या, तर महाराष्ट्राला दोन वेगळी उत्तरं देता आली असती का? मला दोन्ही कौल सारखेच मोलाचे वाटतात. मधल्या पाच महिन्यांत हरलेले कामाला लागले होते आणि मतदारानं पुन्हा विचार केला होता.

२१ तारखेला दादाचा पुन्हा फोन आला. त्यानं ज्याच्यासाठी महिनाभर सायकल दामटली तो मित्र आमच्या प्रभागातून पडला होता. आवाज बसलेला. "संपलं गं सगळं," म्हणाला. मी विचारलं, कुठल्या बूथवर किती मतं पडली? थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "थांब, कागद आणतो."