शेवट एकसारखा म्हणून निवड खोटी ठरत नाही

‘मोठ्या बजेटच्या आरपीजीमध्ये (पात्र बनून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये) खेळाडूची निवड हा निव्वळ देखावा. शेवट तोच, कथेला फाटे फुटले तरी परत मूळ वाटेवर येतात, आणि आवाज-अ‍ॅनिमेशनचा खर्च बघता दुसरं काही शक्यच नाही.’ हा दावा सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे.

‘शेवट तोच.’ पुरावा म्हणून दरवेळी ‘मास इफेक्ट ३’ (२०१२) पुढे केला जातो. त्याचा शेवट फसला, यात वाद नाही. तो बनवणाऱ्या बायोवेअरला त्याच वर्षी विस्तारित शेवट मोफत द्यावा लागला. पण त्याच गेममधला मॉर्डिन बघा. क्रोगन या परग्रही जमातीला जेनोफेज या जन्मदर खुंटवणाऱ्या जैविक अस्त्रातून सोडवताना हा शास्त्रज्ञ जीव देतो, एवढंच बहुतेकांनी पाहिलंय. तो वाचूही शकतो. त्यासाठी पहिल्या भागात (२००७) क्रोगन साथीदार रेक्स मेलेला हवा आणि दुसऱ्या भागात (२०१०) मेलॉनचं जेनोफेजच्या इलाजावरचं संशोधन नष्ट केलेलं हवं. संशोधन नसलं की क्रोगन स्त्री ईव्ह दगावते, रेक्स नसल्याने क्रोगनांची सूत्रं युद्धखोर रीव्हकडे जातात, आणि तेव्हाच मॉर्डिनला इलाज थांबवायला राजी करता येतं. म्हणजे पहिल्या भागातल्या सेव्हमधला (साठवलेल्या खेळातला) एक फ्लॅग, म्हणजे गेमने जपलेली निवडीची नोंद, थेट तिसऱ्या भागात माणूस वाचवतो. शेवटची दहा मिनिटं बघून हे कळणार कसं?

‘फाटे परत एकत्र येतात.’ यावेच लागतात. दोन पर्यायांचे दहा टप्पे सुटेच ठेवले तर १०२४ शेवट लिहावे लागतील. म्हणून वाट जोडतात आणि फ्लॅग जपतात. मॉर्डिन आधीच मेला असेल तर त्याच्या जागी पॅडॉक विक्स येतो. काम तेच, पण त्याच्याशी तुमचं जुनं नातं नसतं. जोडलेला प्रसंग फ्लॅग वाचायला विसरला की पात्रं काही घडलंच नाही अशी बोलतात. तिथे दोष लेखनाचा असतो.

‘खर्चामुळे अशक्य.’ पण हे झालेलं आहे. ‘द विचर २’मध्ये (२०११) रोश की योर्वेथ, कोणाची साथ द्यायची हे ठरलं की दुसरा अध्याय केडवेनच्या छावणीतून नाहीतर व्हर्गेनमधून खेळावा लागतो, दुसऱ्या बाजूचा मोठा भाग त्या खेपेला दिसतच नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) ड्रुइड या निसर्गपूजकांच्या ग्रोव्हवर (वस्तीवर) गॉब्लिनांच्या बाजूने हल्ला केला की विल आणि कार्लाक हे साथीदार साथ सोडतात, आणि कार्लाकच्या छातीतलं इंजिन सांभाळणारा लोहार डॅमनही तिथेच मरतो.

पारखायचंच असेल तर निर्णयाआधी वेगळा सेव्ह ठेवा. लगेचचा संवाद सोडा. पुढच्या अ‍ॅक्टमध्ये कोण हयात नाही आणि कोणता क्वेस्ट (मोहीम) उघडलाच नाही, ते दोन्ही सेव्हमध्ये ताडून बघा.