रोममध्ये मुलाला शाळेत घालताना

मुलगा सात वर्षांचा झाला, राहता रोममध्ये, आणि काळ सम्राटांचा आहे. अभिनंदन! आता त्याला शाळेत घालायला हवं. पुढच्या सूचना नीट पाळल्यात तर खर्च कमी होईल आणि चारचौघांत रुबाब राहील.

इमारत वगैरे शोधत हिंडू नका. बाजाराच्या कडेला एखादी ओवरी दिसेल, तीच शाळा.

पोराला कोंबडा आरवायच्या आत घराबाहेर काढा. शेजाऱ्यांची झोपमोड होते म्हणून कवी मार्शल मास्तरांच्या नावाने खडे फोडतो. त्याला ओरडू द्या. उन्हाळ्यात पोरं धडधाकट राहिली तरी पुरेसं शिकली, तेव्हा सुट्टी द्या, असंही तो म्हणतो. त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करा. अंधारात वाचायला प्रत्येक पोराने दिवा न्यायचा. त्या दिव्यांच्या काजळीने होरेस आणि व्हर्जिल या कवींची पुस्तकं काळीठिक्कर पडतात, असं जुवेनाल या टवाळ कवीने लिहून ठेवलंय. मास्तरांच्या छातीत किती धूर जातो हा आपला विषय नाही.

शाळेत सोडायला स्वतः जाऊ नका, गुलाम कशाला पाळलाय? होरेसचा बाप, जो स्वतःच एके काळी गुलाम होता, रोममध्ये पोराबरोबर एकेका मास्तरांकडे जातीने जायचा. लोक काय म्हणतील याची लाजच नाही माणसाला.

पाटी मेणाची असते. अणकुचीदार टोकाने लिहायचं, दुसऱ्या चपट्या टोकाने मेण सपाट करायचं. त्यामुळे संध्याकाळी ‘आज काय शिकवलं, दाखव’ म्हणायची सोयच नाही. सुटलात!

मार पडायलाच हवा. पाँपेई या रोमन शहरातल्या एका भिंतीवर हे चित्रच काढून ठेवलंय. एका पोराला दुसऱ्याच्या पाठीवर लादलंय, तिसऱ्याने त्याचे पाय धरलेत, मागून फटके चाललेत आणि बाकीची पोरं मांडीवर पाटी घेऊन मुकाट बसलीयत. क्विंटिलियन नावाचा एक मास्तर म्हणतो, मारू नका, हस्तिदंती अक्षरं खेळायला द्या. सम्राट वेस्पासियनने त्याला सरकारी तिजोरीतून पगार लावून दिला होता, मग सुचणारच. तुमच्या पोराने रडत घरी येऊन वळ दाखवले तर हसा. पुढे ख्रिस्ती संत झालेल्या लहानग्या ऑगस्टीनचे आईबाप असेच हसले होते. तो मात्र चाळिशी उलटली तरी ते विसरला नव्हता.

आता मुख्य मुद्दा, फीचा. डायोक्लेशन बादशहाने 301 साली दरपत्रकच काढलं : अक्षरं शिकवणाऱ्या मास्तरांना एका मुलामागे महिन्याला 50 देनारी, म्हणजे रोमन नाणी. त्याच पत्रकात सुताराला दिवसाला 50, वर जेवण. म्हणजे तुमचं पोर महिनाभर ज्याच्या ओवरीत बसणार, त्याची तुमच्याकडची कमाई सुताराच्या एका दिवसाएवढी. तरीही घासाघीस करा. ‘आमच्या शेजारचा कमीत शिकवतो’ म्हणा. एवढ्या पैशांत त्याला सगळं यायला हवं हेही बजावा. तो बिचारा आंघोळीला निघाला असेल तेव्हा रस्त्यात गाठून विचारा, पुराणकथेतल्या अँकायसिसच्या दाईचं नाव काय, सिसिलीच्या राजाने ट्रोजनांना दारूचे किती रांजण दिले. मी बनवून सांगत नाही, जुवेनालने हे असंच लिहिलंय. फक्त तेव्हा फोन नव्हते, म्हणून त्याला निदान रात्री साडेदहाला तरी कोणी विचारत नसे की ‘सर, उद्याच्या पेपरला तो धडा आहे का हो?’

आणि फी भरायचा दिवस जवळ आला की पोराला उचलून दुसऱ्या क्लासला टाका. हीसुद्धा जुनी युक्ती आहे. ऑगस्टीन मोठेपणी शिकवायला 383 साली रोममध्ये आला, तेव्हा तिथले विद्यार्थी ठरवून, घोळक्याने, पैसे द्यायच्या वेळेला दुसऱ्या मास्तरांकडे पळ काढायचे. तेव्हा निदान पोरं पळायची हो! आमच्याकडे गेल्या महिन्यात आईवडीलच पळाले. वर्षभर पोरगा येत होता, दोन हप्ते बाकी, परीक्षा संपली आणि फोन उचलणं बंद. शेवटी भाजीच्या गाडीपाशी सापडले, तर वर तोंड करून म्हणतात, ‘त्याचा अभ्यास त्यानेच केला, तुम्ही काय वेगळं शिकवलंत?’

त्याच रोमन काळात इटलीतल्या कोमो गावात शाळामास्तर नव्हता, पोरं मिलानला जायची. धाकटा प्लिनी या लेखकाने तिथल्या बापांना सांगितलं, मी तिसरा हिस्सा देतो, बाकीचे तुम्ही घाला. सगळे पैसे तो देऊ शकत होता, मुद्दाम दिले नाहीत, कारण स्वतःच्या खिशातून गेले की माणूस मास्तर निवडताना डोळे उघडे ठेवतो. तुमच्या खिशातून जात नाहीत असं नाही. वाढदिवसाच्या हॉलला जातात, फटाक्यांना जातात, पोराच्या हातातल्या त्या फोनला तर हप्त्याने जातात आणि तो हप्ता एकदाही चुकत नाही. मास्तरांचाच का चुकतो? पोरगा शेजारी उभा होता त्या गाडीपाशी. मान खाली घालून, शरमेने लाल होऊन. त्याला कळतंय, तुम्हाला कळत नाही. दोन हप्ते राहिलेत, ते आणून द्या. आणि रात्री नऊनंतर फोन करू नका.